लोअर स्निब्लीचं माप

राजन देवस्थळीनं आजवर जितक्या वेळा "नो प्रॉब्लेम, सर" म्हटलंय, तितक्या वेळा पुढे प्रॉब्लेम झालेला आहे. माणूस तसा सरळ, कामाला वाघ (ऑफिसातल्या, घरचं विचारू नका), पण साहेब समोर उभा राहिला की त्याची जीभ डोक्याला न विचारता परस्पर हो म्हणून मोकळी होते. अठ्ठ्याण्णव सालच्या गणपतीच्या सुमारास नेमकं हेच झालं.

राजन तेव्हा दुबईत, देरा भागातल्या एका एअरकंडिशनिंगच्या कंपनीत सीनिअर एस्टिमेटर होता. बायको विभावरी आणि मुलगी ईशानी यांच्यासह राहायला शारजात, रोला भागात. टेबलावरच्या पाटीवर सीनिअर एस्टिमेटर, पण पासपोर्टातल्या व्हिसावर मात्र 'क्लार्क'. तो आला तेव्हा कंपनीकडे तेवढा एकच व्हिसा शिल्लक होता. "नंतर बदलू, इन्शाल्ला," असं तेव्हाचा पीआरओ (म्हणजे कंपनीचे व्हिसाचे कागद करणारा माणूस) म्हणाला होता, आणि तो पीआरओ नोकरी सोडून गेला तरी ते इन्शाल्ला चालूच होतं. विभावरीच्या भावानं साताऱ्यात एकदा सहज म्हणून पासपोर्ट चाळला, आणि तेव्हापासून तो दर फोनवर "काय, फायली बऱ्या आहेत ना?" असं विचारायचा. राजनला हे फार लागायचं. इंजिनिअर झालेल्या माणसाला लागणारच.

आता मात्र संधी आली होती. राजनचे साहेब, मिस्टर विदरबी, डिसेंबरात रिटायर होणार होते आणि जाण्याआधी अबूधाबीच्या ब्रँचला मॅनेजर नेमणार होते. नाव एक तर राजनचं लागणार, नाही तर अकाउंट्समधल्या सुजीतचं. मॅनेजर झालं की व्हिसाही मॅनेजरचा. राजन हल्ली विदरबीसाहेबांच्या शिंकेलासुद्धा "येस सर" म्हणायचा, ते यामुळे.

विदरबीसाहेबांना बायको नव्हती, मुलं नव्हती. त्यांना एक थोरली बहीण होती आणि एक गाव होतं. गावाचं नाव लोअर स्निब्ली. इंग्लंडच्या नकाशात ते सापडत नाही, सापडलं तर त्यावर घडी येते. गावात म्हणे मेंढ्या पुष्कळ आणि माणसं बेताची. एक चर्च, त्याचा मनोरा एका अंगाला कललेला. एक तळं, त्यात कुठल्याशा राजाचा घोडा पाणी प्याला होता. (नुसताच वास घेऊन निघून गेला, असं म्हणणारा दुसरा पक्षही गावात आहे आणि दोन्ही पक्षांत जेवणखाण बंद आहे.) चर्चच्या भिंतीवर पुण्याला पलटणीत असलेल्या एका कर्नलच्या नावाची फरशी, ही गोष्ट साहेब राजनला दर आठवड्याला सांगायचे, जणू त्या नात्यानं दोघं चुलतभाऊच लागतात. आणि या सगळ्याच्या वर गावाचा मुकुटमणी म्हणजे 'माप'.

तीनशे वर्षांपूर्वी म्हणे गावचा पंच हे पितळी माप घेऊन दारूच्या गुत्त्यावर जायचा आणि बिअर पुरती देतात की नाही ते मोजायचा. सुगीच्या सणाला आजही गावातला सर्वांत म्हातारा माणूस त्यातूनच बिअरचा पहिला घोट घेतो. मापाला एके काळी कान होता, तो कुठल्याशा बंडात सैनिकांनी तोडला. पोटाला पोचा आहे, तोही त्याच धामधुमीतला. आणि मुख्य म्हणजे माप कधीही घासायचं नाही. घासलं की पीक बुडतं, अशी गावाची श्रद्धा. हे माप दुबईतल्या इंग्रज मंडळींच्या मेळाव्यात मांडायला साहेबांनी बहिणीच्या हातापाया पडून आणलं होतं. बहीण गावच्या हेरिटेज कमिटीची अध्यक्ष होती, आणि साहेब त्या बाईला जितके घाबरायचे, तितका राजनही साहेबांना घाबरत नव्हता.

मेळावा झाला. साहेबांना अचानक मस्कतला जायची पाळी आली. घरी ए.सी.च्या डक्टची कामं काढलेली, सगळीकडे कामगार आणि धूळ. त्यांनी राजनला केबिनमध्ये बोलावलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं माप त्याच्या हातात ठेवलं.

"राजन, हे आठवडाभर तुझ्या घरी ठेव. ऑफिसात बिअर न पिणारा तू एकटाच आहेस. बाकीच्यांच्या हाती दिलं तर रात्रीत सण साजरा होईल. फक्त ठेवायचं. काही करायचं नाही."

"नो प्रॉब्लेम, सर."

गाडीत बसल्यावर राजनला आठवलं की घरी गणपती यायचेत. विभावरी गणपतीच्या दिवसांत फ्रिजमधला कांदासुद्धा शेजारी नेऊन ठेवते. त्या घरात तीनशे वर्षं बिअर मुरलेलं भांडं नेणं म्हणजे स्वतःच्या हातानं बॅग भरून बॅचलर अकोमोडेशनमध्ये खाट बघण्यासारखं होतं. शारजा रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये विचार करायला वेळ भरपूर मिळतो, त्यामुळे त्याला एक युक्ती सुचली. (ट्रॅफिक नसता तर ही गोष्ट घडली नसती.)

"हे काय आणलंत?" विभावरीनं दारातच विचारलं.

"साहेबांच्या गावच्या देवळातलं आहे. चर्चमधलं. फार पवित्र मानतात. आठवडाभर ठेवायला दिलंय."

"पवित्र? मग इतकं काळं का?"

"पवित्र आहे म्हणूनच असेल," असं म्हणून राजननं माप कपाटावर ठेवलं आणि हात झटकले. 'घासायचं नाही' हे सांगायचं राहिलं. कोण कपाटावरचं भांडं घासायला जातंय, असं त्याला वाटलं. लग्नाला चौदा वर्षं होऊनही त्याला असं वाटलं, यावरून माणसाची पारख व्हावी.

गणपतीच्या आदल्या दिवशी तो घरी आला तेव्हा सगळ्या घराला चिंचेचा वास येत होता. ओट्यावर घरातली सगळी पितळ-तांब्याची भांडी ओळीनं पालथी घातली होती. निरांजनं, समई, ताम्हन, पळी, आणि शेवटी एक तांब्या असा काही झगझगत होता की त्यात ट्यूबलाइट दिसत होती.

"हा कुणाचा तांब्या?" राजननं विचारलं, आणि विचारता विचारता त्याची नजर तांब्याच्या पोटावरच्या पोच्यावर गेली.

"तुमच्या साहेबांचा. दुसऱ्याचं भांडं घरात आलं तर ते तसंच काळंढोण परत करायचं का? लोक काय म्हणतील? चिंचमीठ लावून तासभर घासलं तेव्हा कुठं निघालं. केवढा थर होता." ती खूश होती. "आणि गंमत दाखवू? हे बघा."

तिनं तांब्या फिरवला. गळ्याखाली टिंबाटिंबांनी, वळणदार अक्षरात कोरलेलं होतं: सौ. सुभद्राबाई गणेश आठल्ये, वाई.

राजन मटकन पाटावर बसला. पाटावर ओली डाळ होती.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, यात आश्चर्य काही नाही. कार्याला भांडी इकडची तिकडे होतात, म्हणून प्रत्येक बाई आपल्या वाटीचमच्यावरसुद्धा नाव घालून घेते. विभावरीनं न घातलेलं एकच पातेलं होतं, ते अजमानला राहणाऱ्या मैत्रिणीनं, विनितानं, बिर्याणीला नेलं, आणि ते नाव नसल्यामुळे तिकडचंच झालं. तेव्हा वाईच्या सुभद्राबाईंनी तांब्यावर नाव घातलं, ते योग्यच केलं. प्रश्न एवढाच होता की सुभद्राबाईंचा तांब्या लोअर स्निब्लीचं तीनशे वर्षांचं माप कधी झाला. राजनच्या डोळ्यांसमोर चर्चमधली फरशी आली, पुण्याचे कर्नलसाहेब आले, त्यांचं मागं राहिलेलं सामान आलं. बंडात तुटलेला कान आला. तांब्याला कान कुठून असणार?

"म्हणजे ढापलाय," विभावरी म्हणाली. "वाईहून उचलला आणि तिकडे नेऊन देवळात ठेवला. वाई म्हणजे आमच्या साताऱ्याजवळची हो. आठल्यांचं कुणी ना कुणी असेल अजून. साहेबांना स्वच्छ सांगा, ज्याचं भांडं त्याला परत करा म्हणून."

"विभा, साहेबांच्या गावाला या एका भांड्यापलीकडे काही नाही. मी जाऊन सांगू, की हे तीनशे वर्षांचं माप नाही, आमच्याकडचा पाण्याचा तांब्या आहे? मग अबूधाबीला सुजीत जाईल आणि मी मरेपर्यंत क्लार्क राहीन."

"मग काय करणार?"

राजननं गॅस पेटवला आणि तांब्या चिमट्यात धरून ज्योतीवर आडवा केला. काळं परत काळं झालं की नाव बुजेल, असा हिशेब. विभावरीनं त्याच्या हातून तांब्या हिसकावून घेतला.

"उद्या गणपती बसायचेत आणि तुम्ही भांडी काळी करताय? तुम्हीच म्हणालात ना पवित्र आहे? तीर्थाला हाच घेणार मी. आपल्याकडचा आहे, आणि दोन्ही देवांचा आहे."

खरं सांगायची ही वेळ होती. राजननं तोंड उघडलंही. पण बिअर हा शब्द ओठावर येईना. शिवाय साहेब यायला अजून अवकाश होता. विसर्जनानंतर बूटपॉलिशनं काहीतरी करता येईल, असं त्यानं मनाला समजावलं. एस्टिमेटर असूनही त्याचा घरचा अंदाज कधी बरोबर आलेला नाही.

शुक्रवारी सुटीचा दिवस म्हणून सगळी मंडळी दर्शनाला आली. अजमानहून विनिता आली (पातेलं न घेता). शेजारच्या मरियमबी शेवयांचा डबा घेऊन आल्या. मीना बाजारातून पाच दिरहमला, म्हणजे जवळजवळ साठ रुपयांना आणलेल्या दूर्वांच्या जुडीवर चर्चा झाली. आरती झाली. विभावरी सुभद्राबाईंच्या तांब्यातून पळीपळीनं सगळ्यांच्या हातावर तीर्थ घालत होती आणि सगळे ते पिऊन हात डोक्याला पुसत होते. एवढ्यात बेल वाजली. ईशानीनं दार उघडलं.

"बाबा, देअर इज ॲन ओल्ड मॅन हिअर."

दारात विदरबीसाहेब उभे होते. मस्कतचं काम लवकर आटोपलं होतं, दुसऱ्या दिवशीचं लंडनचं विमान होतं, माप न्यायला ते स्वतःच आले होते. घामानं डबडबलेले, हातात टोपी. राजनला काही सुचेपर्यंत विभावरीनं त्यांना गणपतीसमोर नेलं, बूट काढायला लावले, उजवा हात पुढे करायला शिकवलं आणि तळहातावर तीर्थ घातलं. साहेबांनी ते भक्तिभावानं पिऊन टाकलं. मग त्यांची नजर तांब्यावर गेली आणि तांब्यावरून पोच्यावर गेली.

"राजन," साहेब हळू आवाजात म्हणाले, "हे आमचं माप आहे का?"

"येस सर."

"याचा रंग कुठे गेला?"

"सर, ते थोडं स्वच्छ झालंय, सर."

साहेब खाली मोड्यावर बसले. "तीनशे वर्षं," ते सगळ्यांकडे बघत म्हणाले, "तीनशे वर्षं आमच्या गावची माणसं यातून बिअर पीत आली. एकानंही कधी ते धुतलं नाही."

हे इंग्रजी अगदी सोपं होतं. ते सर्वांना समजलं. विनिताचा डोक्याला पुसायला नेलेला हात तिथंच राहिला. पुण्याहून आलेले विनिताचे सासरे सोवळ्यात होते, त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. मरियमबी उठल्या, आपला शेवयांचा डबा तांब्यापासून लांब सरकवला आणि परत बसल्या. विभावरीनं नवऱ्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत ती इतकी गप्प कधी राहिली नव्हती, आणि राजनला घाम फुटला तो ए.सी. चालू असताना.

साहेबांनी तांब्या हातात घेतला आणि फिरवला. "हे काय लिहिलंय?"

"आय कॅन रीड इट," ईशानी पुढे आली. ती शुक्रवारच्या मराठीच्या क्लासला जात होती आणि इतर वेळी तिला वाच म्हटलं तर तिचं पोट दुखायचं. "सौ... सु... भ... द्रा..."

"बायकोनं घातलं सर," राजन एका दमात म्हणाला. "माझ्या बायकोनं. आमच्यात पद्धत आहे सर, दुसऱ्याचं भांडं घरी आलं की हरवू नये म्हणून नाव घालतात. मीना बाजारात मशीन असतं. तिचंच नाव आहे ते. चूक झाली सर."

साहेब विभावरीकडे बघत होते. त्यांचा चेहरा पार उतरला होता. ते रागावले असते तर एक वेळ बरं होतं. ते नुसते आपला अंगठा त्या अक्षरांवरून फिरवत होते.

"माझी बहीण ऐंशीची आहे," ते म्हणाले. "दर रविवारी ती हे शाळेच्या मुलांना दाखवते. आमच्याकडे दुसरं काही नाही दाखवायला. मी तिला काय सांगू?"

विभावरीला सगळं खरं सांगता आलं असतं. सुभद्राबाईंची बाजू न्याय्य होती, बिअरचा राग ताजा होता आणि नवऱ्यानं चार लोकांत तिच्यावर ढकललं होतं. पण समोर एक म्हातारा माणूस मांडीत भांडं घेऊन बसला होता, आणि तिला त्याची मनापासून दया आली. वाईला तांब्या जाऊन किती वर्षं झाली कोण जाणे, सुभद्राबाईंना आता पाणी कुठं प्यायचंय? या म्हाताऱ्याला मात्र उद्या बहिणीसमोर उभं राहायचं होतं.

"हो, मीच घातलं," ती तिच्या शाळेतल्या इंग्रजीत सावकाश म्हणाली. "व्हेरी सॉरी. तुमच्या बहिणीला सांगा, शारजातल्या एका बाईनं अडाणीपणानं केलं. तुमची काही चूक नाही."

मग तिनं तांब्या परत मागून घेतला आणि आत गेली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यात तिनं रव्याचे लाडू भरले, वर फडकं बांधलं आणि साहेबांच्या हातात दिलं. साहेब लाडवाकडे पाहत राहिले. तिथंच एक खाल्ला, जाताना जिन्यात दुसरा खाल्ला असं वॉचमन नंतर म्हणाला.

त्यानंतर आठवडाभर घरात राजनशी फक्त ईशानी बोलत होती, तीही इंग्रजीत. घरातला सगळा कारभार "तुझ्या बाबांना सांग" या मार्गानं चालला.

पण झालं भलतंच. साहेब सुटीवरून परतले ते खुशीत. बहिणीनं आकाशपाताळ एक केलं होतं खरं, पण त्या साली स्निब्लीत पीक असं आलं की म्हातारीला बोलायला जागा उरली नाही. तळ्याच्या घोड्यावरून भांडणारे दोन्ही पक्ष त्या परक्या अक्षरांना नावं ठेवायला म्हणून कित्येक वर्षांनी एका बाकावर बसले. "आणि राजन, तू खरं बोललास," साहेब म्हणाले. राजननं मान खाली घातली, ती साहेबांना नम्रता वाटली. "दुसऱ्या कुणी लपवलं असतं. असा माणूस मला अबूधाबीला हवा." डिसेंबरात राजन ब्रँच मॅनेजर झाला. व्हिसावरचा क्लार्क खलास झाला. साहेब जाताना विभावरीला भेटले आणि प्रेमानं तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "थँक यू, मिसेस सुभद्रा." ऑफिसच्या पार्टीत तिला सगळे अजून सुभद्राच म्हणतात. ती ओ देते आणि नवऱ्याकडे बघते.

दोन हजार एक साली कंपनीनं राजनला ट्रेनिंगसाठी इंग्लंडला पाठवलं. पदरच्या पैशानं तिकिटं काढून त्यानं बायकोमुलीलाही नेलं, कारण त्याला आता एकदा लोअर स्निब्लीला मॅनेजर म्हणून जायचं होतं. साहेब बाहेरगावी होते, पण चर्चमध्ये काठी टेकत त्यांच्या भगिनी भेटल्या. मनोरा खरोखरच कललेला होता. तळं होतं, घोडा प्यायला असता तर संपलं असतं एवढं. आणि एका काचेच्या कपाटात, पुन्हा छान काळा होऊ घातलेला, सुभद्राबाईंचा तांब्या होता. कपाटाखाली पितळी पट्टी होती, त्यावर सुबक इंग्रजी अक्षरं कोरलेली. हे वाचायला ईशानीला वेळ लागला नाही.

"बाबा, इट सेज, प्राचीन माप. त्यावरची अक्षरं अलीकडची असून ती शारजा येथील क्लार्क आर. देवस्थळी यांच्या पत्नीनं अज्ञानापोटी कोरली." पट्टीवरचं तिनं आमच्यासाठी मराठीत केलं असं समजा. "दे रोट क्लार्क, बाबा."

साहेबांनी बहिणीला नीट माहिती द्यायची म्हणून अठ्ठ्याण्णव सालीच पीआरओकडून कागद मागवला होता, आणि पीआरओनं व्हिसाची जुनी झेरॉक्स दिली होती.

"म्हणजे क्लार्क तो तूच," म्हातारी आनंदून म्हणाली. तिनं दारात जाऊन हाक मारली, आणि बाहेर बाकावर बसलेली चार म्हातारी माणसं क्लार्कला बघायला आत आली. त्यांनी राजनशी हात मिळवला, विभावरीला वाकून नमस्कार केला आणि ईशानीला टॉफी दिली. राजननं खाकरून घसा साफ केला. मग खिशातून आपलं नवं व्हिजिटिंग कार्ड काढलं. जाड, उठावाच्या अक्षरांचं, सोनेरी कडेचं: ब्रँच मॅनेजर, अबूधाबी. ते त्यानं दोन्ही हातांनी म्हातारीसमोर धरलं.

म्हातारीनं चष्मा लावून ते नीट वाचलं. उलटं करून पाहिलं, जाडी बोटांनी चाचपली. तिचा चेहरा उजळला.

"हे किती छान आणलंस," ती म्हणाली.

मग तिनं कार्डाची मधोमध घडी घातली, काठीच्या आधारानं खाली वाकली आणि कपाटाच्या डगमगणाऱ्या पायाखाली ते नीट सारून ठेवलं.